माशीची साक्ष

तंबाखूचं झाड निकोटीन बनवतं ते आपली तलफ भागवायला नाही. मुळांत तयार होऊन पानांत साठणारं हे रसायन म्हणजे पान कुरतडणाऱ्या किड्यांसाठीचं विष. फ्रेंच राजदूत जाँ निको यानं १५६०च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारात पोचवली. १८२८मध्ये हायडेलबर्गला पोसेल्ट आणि राइमान यांनी तिच्यातलं विष वेगळं काढलं. नाव निकोचं मिळालं. माव्यावर तंबाखूचं पाणी मारायची रीत मात्र त्याहून जुनी. आपल्याकडेही शेतकरी हा काढा करतात.

फवारणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: किडा मेला की नाही? प्रयोगशाळेतल्या फळमाशीनं पुढचा प्रश्न विचारायला लावला: जगला, तर कसा जगला?

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावते तीच ही चिमुकली माशी. १९१०मध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनला तिच्यात पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि ती आनुवंशिकीची लाडकी झाली. दहा-बारा दिवसांत नवी पिढी हाती येते, हा तिचा मोठा गुण.

२०००मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या उल्रिके हेबरलाइन यांच्या प्रयोगशाळेनं या माशांना निकोटीनची वाफ दिली. एरवी नळी आपटली की माशा सरसर वर चढतात. वाफ लागल्यावर ते जमेना. शरीरातलं डोपामिन आधीच घटवलेल्या माशांवर मात्र परिणाम कमी दिसला. रील्सच्या नादाबद्दल बोलताना आपण ज्याचं नाव घेतो, तेच हे डोपामिन.

२०१७मध्ये अमेरिकेतल्या लुईस अँड क्लार्क कॉलेजातला अभ्यास प्रसिद्ध झाला. निकोटीन मिसळलेल्या अन्नावर वाढलेल्या अळ्यांपैकी कमी जगल्या. ज्या जगल्या, त्यांना माशी व्हायला जास्त दिवस लागले आणि त्यांचं वजनही कमी भरलं.

मी कोड लिहितो. प्रोग्राम बंद पडला तर लगेच कळतं. नुसता मंदावला तर महिनोन्महिने कुणी बघत नाही. हा अभ्यास वाचताना मला तेच आठवलं.

माशीला वार नाही. अळी स्वतःच निकोटीन खाते. त्यामुळे तिची गोष्ट जशीच्या तशी बाईला लागू होत नाही. पण निकोटीन ज्या ग्राहींना चिकटतं, त्यांचे भाऊबंद आपल्या मेंदूतही आहेत. गरोदर बाईला निकोटीन देऊन प्रयोग करता येत नाही, म्हणून माशीला विचारायचं.

आपल्याकडे गरोदरपणातही मिश्री लावणाऱ्या बायका आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं, आणि तंबाखू घेणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. ‘माझी सगळी पोरं जगली की’ असं सांगणाऱ्या आजीला उत्तर देताना मला ती हलक्या वजनाची माशी उपयोगी पडेल.