मिठाचे आयोडिनीकरण

खाण्याच्या मिठात आयोडिनाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळून गलगंड, जडवामनता इ. न्यूनताजन्य विकारांना प्रतिबंध करण्याची प्रक्रिया. गलगंडावर आयोडीन गुणकारी असल्याचे १८२० मध्येच कळले होते; ते मिठात टिकवून दुर्गम भागातील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

बेर्नार कूर्त्वा हे फ्रेंच रसायनज्ञ सोऱ्याच्या उत्पादनासाठी समुद्रशैवलांची राख वापरीत. १८११ मध्ये तीवर सल्फ्यूरिक अम्लाची अधिक मात्रा पडताच जांभळी वाफ निघाली व थंड पृष्ठावर तिचे काळसर स्फटिक जमले. हेच आयोडीन. जिनीव्हा येथील वैद्य झां फ्रांस्वा क्वांदे यांनी १८२० मध्ये ते गलगंडाच्या रुग्णांना दिले. पण मात्रा मोठ्या असल्याने दुष्परिणाम झाले आणि उपचाराची अपकीर्ती झाली. दक्षिण अमेरिकेत निसर्गतः आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांत गलगंड आढळत नाही, असे पाहून झां बातीस्त बूसँगो यांनी अशा मिठाची शिफारस केली, तिचाही लगेच उपयोग झाला नाही. अवटू ग्रंथीत आयोडीन असते हे ओयगेन बाउमान यांनी दाखविल्यावर (१८९५) या उपायाला शास्त्रीय आधार मिळाला. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील अपेनझेल आउसरोडेन या परगण्यात हान्स एगेनबेर्गर यांच्या प्रयत्नाने आणि १९२४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात असे मीठ विक्रीस आले.

या देशांत पोटॅशियम आयोडाइड वापरीत. शुद्ध, कोरड्या व वेष्टनबंद मिठात ते बऱ्यापैकी टिकते. उष्ण देशांतील जाड्या मिठाची गोष्ट वेगळी आहे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असते. ते हवेतील बाष्प शोषून घेते आणि मिठाला पाणी सुटते. या ओलाव्यात हवेतील ऑक्सिजनामुळे आयोडाइडाचे ऑक्सिडीकरण होऊन मूलद्रव्यरूप आयोडीन मुक्त होते व उडून जाते. अम्लता, सूर्यप्रकाश व लोहाचा अंश यांमुळे ही क्रिया वेगाने घडते. शिवाय आयोडाइड पाण्यात अतिशय विद्राव्य असल्याने ओल्या पोत्यातून ते झिरपून जाते. सोडियम थायोसल्फेट किंवा डेक्स्ट्रोज मिसळून आयोडाइड स्थिर करता येते, परंतु हा उपाय शुद्ध मिठापुरताच उपयोगी आहे. पोटॅशियम आयोडेटात आयोडिनाचे ऑक्सिडीकरण आधीच झालेले असते, त्यामुळे हवेचा त्यावर परिणाम होत नाही. ते कमी विद्राव्यही असते. शरीरात त्याचे क्षपण होऊन आयोडाइडच बनते. अशुद्ध मिठासाठी म्हणून आयोडेटच योग्य ठरले.

मिठातील आयोडेटाचे मापन याच रसायनशास्त्रावर आधारलेले आहे. मिठाच्या विद्रावात अम्ल व पोटॅशियम आयोडाइड घातले की, आयोडेटाच्या एका रेणूमागे आयोडिनाचे तीन रेणू मुक्त होतात. त्यांचे सोडियम थायोसल्फेटाने अनुमापन करतात. स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की क्रिया पूर्ण होते. पोत्यात आयोडीन मुक्त होणे ही हानी, तर चंचुपात्रात तेच मोजमापाचे साधन होय.

भारतातील निर्णायक प्रयोग व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी कांग्रा खोऱ्यात (तेव्हा पंजाब, आता हिमाचल प्रदेश) १९५६ पासून केला. खोऱ्याचे तीन विभाग करून एकास आयोडाइडयुक्त, दुसऱ्यास आयोडेटयुक्त व तिसऱ्यास साधे मीठ पुरविण्यात आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आले. तिसऱ्यात ते घटले नाही. या विभागातील मुलांना सहा वर्षे साध्या मिठावर राहावे लागले, ही या पुराव्याची किंमत होती. त्यानंतर तेथेही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले.

राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, पण तो गलगंडग्रस्त पट्ट्यांपुरता होता व मिठाचा पुरवठा अपुरा पडे. देशातील सर्व खाद्य मिठाचे आयोडिनीकरण करण्याचा निर्णय १९८४ मध्ये झाला. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठविण्यात आली व मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. १९८८ च्या नियमाने आयोडिनाचे किमान प्रमाण उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत ३० व वितरणाच्या ठिकाणी १५ भाग ठरविले होते. आयोडेटही ओलाव्यात थोडेफार घटतेच. या दोन आकड्यांमधील अंतर त्या घटीसाठी सोडलेले होते.