ड्रायसूट : घरच्या घरी दुरुस्ती, फेरबदल आणि त्यांच्या मर्यादा

पाणबुड्याचे शरीर पाण्यात पूर्णपणे कोरडे ठेवणाऱ्या पोशाखास ड्रायसूट असे म्हणतात. नेहमीच्या वेटसूटमध्ये अंग आणि पोशाख यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो व शरीराच्या उष्णतेने तोच गरम होतो. ड्रायसूटमध्ये पाण्याला प्रवेशच नसतो. आत हवा असते आणि त्या हवेत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे उबदार कपडे घातलेले असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे थंड पाण्यात दीर्घकाळ काम करणाऱ्यास या पोशाखावाचून गत्यंतर नसते.

वऱ्हाडसारख्या उष्ण प्रदेशात या पोशाखाचे काय काम, असा प्रश्न साहजिकच पडेल. येथील नद्या व धरणांच्या पाण्यात थंडीपासून बचावासाठी त्याची गरज क्वचितच भासते. मात्र ड्रायसूटचा दुसरा उपयोगही तितकाच महत्त्वाचा आहे. पुराचे गढूळ पाणी, सांडपाणी मिसळलेले नाले, कुजलेले अवशेष असलेल्या विहिरी अशा ठिकाणी शोधकार्य करणाऱ्याच्या त्वचेला दूषित पाण्याचा स्पर्श होऊ नये, यासाठी जगभरची बचाव पथके हाच पोशाख वापरतात. वरुड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा मृत्यू झाला. भर पावसाळ्यात फुगलेल्या नदीत बुडालेल्यांचा शोध घेणे किती अवघड असते, हे त्या वेळी अमरावती जिल्ह्याने पाहिले. अशा कामात पोशाखाला पडलेले टाचणीएवढे छिद्रही क्षुल्लक राहत नाही.

रबरापासून तिहेरी कापडापर्यंत

स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापड तयार करण्याचे पेटंट घेतले. पुढे ऑगस्टस सीबे यांनी १८३० च्या दशकात पितळी शिरस्त्राणाला जोडलेला बंद पाणबुडी पोशाख सिद्ध केला. त्याचे अंगही अशाच रबरी कापडाचे असे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांनी पिरेली कंपनीचे रबरी पोशाख वापरले. आज प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पहिला नायलॉन व पॉलिस्टर यांच्यामध्ये ब्युटाइल रबराचा थर असलेल्या तिहेरी कापडाचा, दुसरा फेसाळ निओप्रीनचा आणि तिसरा जाड व्हल्कनाइज्ड रबराचा. दुरुस्तीची पद्धत या प्रकारावर अवलंबून असल्याने काम सुरू करण्यापूर्वी आपला पोशाख कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी होय.

नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योग उभा राहिला आहे. याच परिसरातील सुमारे एक हजार एकरांच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी बसविण्यात आली. कापड कापणे व शिवणे या कामाशी परिचित असलेल्या हातांना ड्रायसूट एका बाबतीत मात्र चकवतो. शिंप्याच्या दृष्टीने टीप घातली की काम पुरे होते. ड्रायसूटमध्ये सुईने पाडलेले प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीची एक वाट असते. म्हणून येथे शिवणीवर आतून जलरोधक पट्टी उष्णतेने किंवा गोंदाने चिकटविली जाते. फाटलेला ड्रायसूट केवळ सुई-दोऱ्याने कधीही दुरुस्त होत नाही.

गळती शोधण्याची रीत

आतले कपडे ओले झाले म्हणजे पोशाख गळतोच असे नव्हे. घाम आतल्या बाजूस थिजूनही ओल येते. ती सर्वत्र सारखी पसरलेली असते. गळतीची ओल एका ठिकाणी गार लागते. मात्र पाणी आतून खाली वाहत जात असल्याने ओला भाग व छिद्र यांची जागा एकच असेल, असे गृहीत धरू नये.

छिद्र शोधण्याची पद्धत सायकलच्या पंक्चरवाल्याच्या पद्धतीहून फारशी वेगळी नाही. मनगटाच्या दोन्ही सीलमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या व गळ्याच्या सीलमध्ये योग्य मापाचा चेंडू बसवून ते रबरी पट्ट्यांनी आवळावेत. चेन पूर्ण बंद करून हवा सोडण्याची झडप बंद करावी आणि हवा भरण्याच्या झडपेतून पोशाख टणक होईपर्यंत हळूहळू हवा भरावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर थेट लावू नये. त्या दाबाने शिवणी उसवतात. नंतर स्पंजाने साबणाचे पाणी शिवणी, झडपांभोवतीचा भाग, चेन, गुडघे व काखा यांवर फिरवावे. जेथे बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करावी. पातळ तिहेरी कापडात अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी धरल्यासही बारीक छिद्रे दिसू शकतात.

ठिगळ लावताना

पोशाख सावलीत पूर्ण वाळू द्यावा. खूण केलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल, मीठ व पावडर काढून टाकावी. सिलिकॉनचा फवारा पूर्वी वापरलेला असेल, तर त्याचा अंशही राहता कामा नये. त्यावर कोणताही गोंद धरत नाही.

व्हल्कनाइज्ड रबराच्या पोशाखाला ट्यूबचीच पद्धत लागू पडते. पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा, रबरी सोल्युशनचे दोन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा आणि मग गोल कोपऱ्यांचे ठिगळ दाबून बसवावे. कोपरे टोकदार ठेवल्यास ठिगळ तेथूनच सुटू लागते. तिहेरी कापडातील टाचणीएवढ्या छिद्रासाठी आतल्या बाजूने लवचिक युरेथेन सीलंटचा छिद्राभोवती एक-दीड सेंटिमीटर पसरेल असा थर पुरेसा असतो. तो पक्का होण्यास साधारण एक दिवस द्यावा. निओप्रीनला निओप्रीनचाच गोंद लागतो. लगेच घट्ट होणारे व नंतर कडक होणारे सुपरग्लूसारखे गोंद टाळावेत. कापड वाकते, गोंद वाकत नाही आणि पहिल्याच हालचालीत भेग पडते.

सील आणि चेन

लॅटेक्सची गळपट्टी व मनगटपट्ट्या हा पोशाखाचा सर्वांत अल्पायुषी भाग होय. ऊन, ओझोन, तेल, तांब्याचा स्पर्श आणि उष्णता यांनी लॅटेक्स चिकट होते किंवा तडकते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या अमरावती-अकोल्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवलेला पोशाख न वापरताच निकामी होऊ शकतो. थंड, अंधाऱ्या जागी, सीलवर सुगंधरहित टाल्कम पावडर लावून तो ठेवणे हा सोपा उपाय आहे.

सील बदलताना बाही योग्य जाडीच्या बाटलीवर किंवा पाइपवर सुरकुती न पडता चढवावी. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करून गोंदाचे दोन-तीन हात द्यावेत व किमान दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांवर येतील असे जोडावेत. हा गोंद स्पर्श होताच धरतो, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करणे आवश्यक असते. नवी गळपट्टी कापताना एका वेळी एकच अरुंद कडी, धारदार कात्रीने, कात्री न थांबवता कापावी. काठावर राहिलेला लहानसा खाचा पुढे फाटत जातो. गळपट्टी फार घट्ट ठेवणे त्याहून धोक्याचे ठरते. मानेतील रक्तवाहिन्यांवर दाब आल्यास भोवळ येऊन शुद्ध हरपू शकते. काही थेंब आत आले तरी चालतील. पाण्याखाली भोवळ येऊन चालणार नाही.

चेनची निगा घरी राखता येते, चेन बदलणे मात्र घरचे काम नव्हे. धातूच्या दातांची चेन जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात स्वच्छ करून बाहेरून मेण चोळावे. ती अडल्यास जोर लावू नये व तिला तीव्र घडी पाडू नये. प्लॅस्टिक चेनला उत्पादकाने दिलेले वंगणच वापरावे. दात निखळलेल्या चेनवर गोंदाचा थर देऊन पाण्यात उतरणे म्हणजे दार मोडलेल्या घराला पडदा लावण्यासारखे आहे.

फेरबदल

खिसा, गुडघ्यावरील जादा थर, विजेरी अडकविण्याची पट्टी असे बदल गोंदाने चिकटवून करता येतात. खूण मात्र पोशाख आतील कपड्यांसह अंगात घालून, गुडघा वाकवूनच करावी. जमिनीवर पसरलेल्या पोशाखावर लावलेला थर बसताना आड येतो. झडपेची जागा बदलणे हा सर्वांत गंभीर फेरबदल ठरतो, कारण कापडाला पाडलेले भोक पूर्ववत होत नाही.

हवा सोडण्याची झडप सहसा डाव्या दंडाच्या बाहेरील बाजूस असते, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो व पोशाखातील हवेचे आकारमान निम्मे होते. वर येताना तीच हवा पुन्हा फुगते. ती वेळेवर बाहेर न पडल्यास पाणबुडा आवरता न येणाऱ्या वेगाने वर फेकला जातो आणि फुप्फुसांना इजा किंवा रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा धोका उद्भवतो. म्हणून हवा सोडणारी झडप शरीराच्या नेहमीच्या स्थितीत उंच असलेल्या भागी हवी, आणि हवा भरणारी झडप पट्ट्याखाली दबता कामा नये. ही दोन्ही कामे अनुभवी कारागिराकडेच सोपवावीत.

परीक्षा व नोंद

दुरुस्तीनंतर साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. मग उथळ तलावात, जोडीदारासह, आत फिकट रंगाचा सुती सदरा घालून उतरावे. त्यावर ओलीचा डाग चटकन दिसतो. वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याचा ड्रायसूटमध्ये उपयोग एवढाच. प्रत्यक्ष थंड पाण्यात कापूस ओल धरून ठेवतो व ऊब गमावतो, म्हणून तेथे लोकर किंवा पॉलिस्टरच श्रेयस्कर होय. ड्रायसूट वापरण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याखेरीज खोल पाण्यात जाऊ नये, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दूषित पाण्यातून आल्यावर पोशाख अंगात असतानाच बाहेरून स्वच्छ पाण्याने धुवावा, नंतर उतरवावा व उलटून सावलीत वाळवावा. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, जागा व वापरलेला गोंद एका वहीत नोंदवावा. पथकाचा पोशाख आज एकाच्या अंगात असतो, तर उद्या दुसऱ्याच्या. ठिगळ लावणारा आणि त्या ठिगळावर जीव सोपवणारा हे नेहमी एकच नसतात. त्या दुसऱ्याला पोशाखाचा इतिहास कळण्याचे साधन ती वहीच असते.