दिनविशेष : ३ नोव्हेंबर
बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ज्या वर्षी जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली, त्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ (गॉडझिला) हा, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागलेल्या महाकाय प्राण्याचा चित्रपट जपानभर प्रदर्शित झाला. १९५६ मध्ये अमेरिकेत तो आला तेव्हा मात्र त्यात असे फेरफार झाले होते, की ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांवर आला, रेमंड बर हा अमेरिकी नट बातमीदार म्हणून मध्ये घुसवला गेला, आणि आगगाडीतली जी तरुणी आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो असे सहज बोलून जाते, तिचा तो संवादच गाळला गेला. ही निव्वळ व्यापारी काटछाट नव्हे. एका राष्ट्राच्या शोकाचा दस्तऐवजच तीत फाडला गेला. मूळ जपानी प्रत अमेरिकाभरच्या चित्रगृहांत, तीही मर्यादित प्रमाणावर, फिरली, ती थेट २००४ साली.