शहाबादचा दगड : कलबुर्गीतील आदिम समुद्राचा तळ

कॅरिबियन समुद्रातील साबा हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतील चिमुकले बेट म्हणजे पाण्याबाहेर डोके काढलेला ज्वालामुखी होय. त्याच्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी उद्यान म्हणून राखलेला आहे. हवेची नळकांडी पाठीवर बांधून स्कूबा डायव्हिंगसाठी उतरणाऱ्यांना तेथे लाव्ह्याच्या खडकांवर वाढलेली प्रवाळे, स्पंज आणि समुद्री कासवे दिसतात. प्रवाळाच्या अळीला चिकटून बसण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो, आणि निवालेला लाव्हा तो पुरवतो. म्हणजे तेथे तळाशी ज्वालामुखी आहे आणि त्याच्यावर समुद्र.

उत्तर कर्नाटकातील कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांत हा क्रम उलटा आहे. येथे समुद्र खाली गाडला गेला आणि लाव्हा त्याच्यावर पसरला. शिवाय हा समुद्रतळ पाहण्यासाठी पाण्यात उतरावे लागत नाही. शहाबादच्या खाणीत उतरले, किंवा आजोळच्या स्वयंपाकघरातील फरशीवर अनवाणी उभे राहिले, तरी पुरते.

शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. भीमा नदीच्या खोऱ्यात, कर्नाटकापासून तेलंगणाच्या कडेपर्यंत, हजारो चौरस किलोमीटरवर तो आढळतो. विल्यम किंग या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात या खडकांना भीमेचे नाव दिले. त्यांच्या नेमक्या वयाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी ते पन्नास कोटी वर्षांहून पुष्कळ जुने आहेत, यावर एकमत आहे. उथळ समुद्रात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. मधूनच चिकणमातीचा पातळ पापुद्रा साचला. याच पापुद्र्यांवर छिन्नी ठेवून हातोडा मारला की दगड सरळ पाट्यांत सुटतो. करडा, निळसर किंवा गुलाबी रंग गाळातील मिश्रणावर अवलंबून असतो. घरोघरी पसरलेल्या फरशीचा सपाटपणा कारागिराने जितका घडवला, तितकाच त्या संथ समुद्रानेही घडवला आहे.

त्या समुद्रात कोणी बुडी मारली असती, तर मासा, शिंपला, प्रवाळ यांपैकी काहीही दिसले नसते. हे प्राणी अद्याप अवतरायचेच होते. होते ते सूक्ष्मजीव आणि शैवाले. चुनखडकावरील हलकल शेल या मृदाश्माच्या थरांत काही मिलिमीटर व्यासाच्या काळ्या चकत्या सापडतात. त्यांना चुआरिया म्हणतात. 1899 साली चार्ल्स वॉलकॉट याने हाच जीवाश्म अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या खडकांतून प्रथम वर्णिला. डोळ्यांनी सहज दिसू शकणाऱ्या जीवांपैकी हे फार जुने. तरी खाणीत ते तेलाच्या डागासारखे दिसतात आणि सहज नजरेतून सुटतात.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत आला. कलबुर्गीच्या उत्तर भागात आणि बिदरमध्ये तो पसरला. त्याचे लोट एकामागून एक आले, पण अखंड नव्हे. दोन लोटांमधल्या उसंतीत तळी साठत, आणि त्यांत जीव परतत. पूर्वी गुलबर्ग्यात असलेल्या व 2009 पासून यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या गुरमिठकलजवळ अशा तळ्यांचा गाळ दगड होऊन उरला आहे. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायी व कवचधारी सूक्ष्म प्राणी आहेत. साबाभोवती जे खारट पाण्यात घडते, तेच येथे गोड्या पाण्यात घडले: निवालेल्या लाव्ह्यावर पुन्हा वस्ती झाली.

बिदरच्या पठारावर या लाव्ह्याच्या खडकाचा जांभा झाला. गोव्याच्या वाचकाला चिऱ्याची ओळख करून देण्याची गरज नाही; बिदर किल्ल्याचा खंदक त्याच जातीच्या दगडात खोदलेला आहे.

चुनखडकाचा उपयोगही जुना. भीमेकाठच्या सन्नतीजवळ, कनगनहळ्ळीच्या स्तूपावरील शिल्पे याच दगडात कोरली आहेत. सम्राट अशोकाचे नाव कोरलेले त्याचे शिल्प तेथेच मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने समुद्राच्या गाळावर छिन्नी चालवली, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आजचा मोठा उपयोग मात्र वेगळा आहे. वाडी, सेडम आणि मळखेड परिसरांतील कारखान्यांत हाच चुनखडक भट्टीत जाऊन सिमेंट बनतो. भाजताना दगडात पूर्वी बंदिस्त झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत सुटतो. फरशी फोडणाऱ्याच्या हातात निदान एक पूर्ण थर येतो. भट्टीत थर, पापुद्रे आणि त्यांतील जीवखुणा यांची एकच भुकटी होते. साबाच्या प्रवाळांना संरक्षित उद्यानाचा आधार आहे. खाणीच्या कडेला पडलेल्या शेलच्या तुकड्यातील चुआरियाला तसा आधार नाही, आणि तो तुकडा कोणी उचलून संग्रहालयात नेला, तरच तो जीव टिकतो.