लंब अवतरण, युद्धनौकेवरील

लंब अवतरण, युद्धनौकेवरील : लढाऊ जेट विमान हवेत स्थिर करून चालत्या जहाजावर सरळ खाली उतरविण्याची क्रिया. भारतात या विद्येचे केंद्र म्हणजे गोव्यातील दाबोळी येथील ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ होता. नौदल अधिकारी अरुण प्रकाश यांच्या नेतृत्वाखालील ३०० व्या पथकाची, लंब अवतरण करू शकणारी ‘सी हॅरिअर’ विमाने डिसेंबर १९८३ मध्ये तेथे दाखल झाली, प्रथम ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर व १९८७ नंतर ‘विराट’वर तैनात राहिली, आणि मे २०१६ मध्ये सेवानिवृत्त झाली.

अन्य विमाने वेगाने उतरून, शेपटीखालचा आकडा पोलादी तारेत अडकवून थांबतात. हॅरिअर मात्र जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन, इंजिनाचे चारही फिरते झोत खाली वळवून, जहाजाच्याच गतीने तरंगत राही आणि मग आडवे सरकून डेकवर टेके. तार चुकण्याचे भय यामुळे सरले खरे, परंतु जोखीम नाहीशी न होता इंजिनाच्या माथी आली. कारण पंखांचा आधार सुटताच सारा भार एकट्या इंजिनावर पडे आणि तोल सांभाळण्यास नाक, शेपूट व पंखांची टोके यांतून सुटणाऱ्या दाबलेल्या हवेच्या फवाऱ्यांखेरीज काही उरत नसे. अशा वेळी वारा बाजूने लागून विमान कलंडू लागले, तर वैमानिकास आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणाही त्याला आकाशाऐवजी समुद्राकडे भिरकावण्याचा संभव असे. डेकवर आपटून उसळलेला तप्त वायू इंजिनात पुन्हा शिरला, तर नेमक्या शेवटच्या काही फुटांत जोर घटे.

उत्तर अटलांटिकच्या थंड हवेसाठी आखलेल्या या यंत्रास अरबी समुद्राचा उन्हाळा विशेष जाचक होता. उष्ण, विरळ हवेत घटलेला जोर भरून काढण्यासाठी इंजिनात पाणी सोडण्याची तजवीज असे, पण तो साठा जेमतेम दीड मिनिट पुरे. म्हणून न वापरलेली शस्त्रे व जादा इंधन प्रसंगी समुद्रार्पण करावे लागे. आणि इंधन अति कमी करावे, तर अवतरण फसल्यास किनारा गाठण्याची सोय उरत नसे. वजनाचा हा जमाखर्च हीच या पद्धतीची खरी अडचण होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीय ताफ्यातील निम्म्याहून अधिक हॅरिअर विमाने अपघातांत गेली. मात्र तो सर्व दोष अवतरणावर लादणे न्याय्य नाही.

उलट सरळ खाली उतरण्याच्या याच गुणाने १९८३ मध्ये एक ब्रिटिश वैमानिक बचावला : दिशादर्शक यंत्रणा निकामी होऊन इंधन संपत आले असता त्याने आपले हॅरिअर ‘अल्राइगो’ या स्पॅनिश मालवाहू जहाजावरील पेट्यांवर उतरविले.

अलीकडे ‘एफ-३५बी’ विमानांसाठी ब्रिटिश नौदलाने ‘क्वीन एलिझाबेथ’ या विमानवाहू नौकेवर २०१८ मध्ये थोडा पुढचा वेग राखून उतरण्याची रीत आजमावली. पंख काही भार उचलत असल्याने शस्त्रे परत आणता येतात. पण ओल्या, डोलत्या डेकवर ब्रेक लावून थांबण्याची जुनी चिंताही परत येते. भारतीय नौदलाच्या ३०० व्या पथकाकडे आता तारेच्या साहाय्याने थांबणारी ‘मिग-२९के’ विमाने आहेत.