गुरुत्वाकर्षण बदललं की वजन किती बदलतं? समजून घ्या आगाशीच्या सुकेळ्यांवरून

वसई-विरार पट्ट्यातल्या आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. समजा, इथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुम्ही बरोबर एक किलो सुकेळी मोजून घेतली. तीच सुकेळी आणि तोच काटा लंडनला नेला, तर आकडा दिसेल सुमारे 1002.6 ग्रॅम. सुकेळी तर तेवढीच आहेत. मग वजन कसं वाढलं?

वस्तुमान वेगळं, वजन वेगळं
वस्तूत द्रव्य किती आहे, ते वस्तुमान. ते कुठेही बदलत नाही. त्या वस्तूला ग्रह किती जोराने खेचतो, ते वजन. खेच बदलली की वजन बदलतं.

लंडनमध्ये खेच जास्त का?
पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आणि ध्रुवांकडे चपटी आहे. वसई विषुववृत्ताच्या जास्त जवळ, म्हणून पृथ्वीच्या केंद्रापासून थोडी लांब. पृथ्वीच्या फिरण्यामुळेही इथे वजन किंचित कमी भरतं. त्यामुळे गुरुत्वत्वरण वसईत सुमारे 9.786, तर लंडनमध्ये 9.812 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. उंचीवर गेलं तरी खेच कमी होते. पण तुंगारेश्वरच्या माथ्यावर किलोमागे पाव ग्रॅमही फरक पडत नाही.

चंद्रावर काय होतं?
तिथे गुरुत्वत्वरण फक्त 1.62. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 उतरलं. त्यातला 26 किलोचा प्रज्ञान रोव्हर तिथे आपल्याकडच्या सव्वाचार किलोच्या वस्तूइतकाच जड होता.

तराजू फसत नाही
दोन पारड्यांच्या तराजूत माल आणि माप दोन्ही सारखेच हलके होतात. त्यामुळे चंद्रावरही किलो किलोच भरेल. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र बल मोजतो आणि ते किलोत दाखवतो. चंद्रावर तो एक किलोला सुमारे 165 ग्रॅम म्हणेल. म्हणून अचूक काटा जिथे वापरायचा, तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवून घेतात.

बाजारात हे लक्षात ठेवा
दिल्लीत जुळवलेला काटा तसाच वसईत आणला, तरी किलोमागे जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो. त्यामुळे किलोभर कोलंबी 50 ग्रॅम कमी भरली, तर दोष गुरुत्वाकर्षणाचा नाही. काटा बिघडलाय किंवा मापात पाप आहे. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. मोजण्याआधी काट्यावर शून्य आहे का, पडताळणीचा शिक्का ताजा आहे का, हे बघा. शंका आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.