थायरॉइडची गोळी सुरू झाली, साखर का बदलली?

चाकण-भोसरीच्या कंपन्यांतले पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, जेवण तेच, शुगरचं औषध तेच, मग साखर का हलली?" याचं उत्तर जुन्या प्रयोगांत आहे.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि मधुमेह म्हणजे फक्त इन्सुलिनची कमतरता, असं वाटू लागलं. पुढे अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्युटरी ग्रंथीही काढली. त्याचा मधुमेह चक्क सौम्य झाला! म्हणजे साखर वाढवणारी हार्मोन्सही शरीरात असतात. १९४७ चं नोबेल हुसेंना त्यासाठी मिळालं.

१९४८ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं गेलं. खिळलेली माणसं चालू लागली, पण या औषधाने साखर वाढते हेही लवकरच कळलं. २०२१ च्या कोविड लाटेत स्टेरॉइडचा तोच परिणाम महाराष्ट्राने पुन्हा पाहिला.

थायरॉइडचंही तसंच. तो मंद असताना इन्सुलिन शरीरात जास्त टिकतं. गोळीने तो ताळ्यावर आला की इन्सुलिनची गरज वाढू शकते. थायरॉइड जास्त असेल तर उलटं होतं. उपचारानंतर गरज घटते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम उतरते, कदाचित चालू मशीनसमोर उभं असतानाच.

सकाळी स्टेरॉइड घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर फसवी असते, म्हणून दुपारच्या जेवणानंतरचीही तपासा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. रात्रपाळी असेल तर तेही सांगा; तपासणीची वेळ त्यावरून ठरते.